केबीसीची २५ वर्षे : हॉट सीटवर आपण, पण प्रश्न कोणाचा?

'कौन बनेगा करोडपती' या कार्यक्रमाला ३ जुलै २०२५ रोजी २५ वर्षे पूर्ण झाली. त्याच वर्षी ऑगस्टपासून त्याचे सतरावे पर्व सुरू झाले. पवईतल्या आमच्या वस्तीत रात्री नऊला अजूनही घराघरांतून तेच संगीत ऐकू येते. विहाराच्या खोलीत आम्ही काही कार्यकर्ते मिळून अभ्यासिका चालवतो. नऊ म्हणजे अभ्यासिका सुटायची वेळ. पण मुले घरी जात नाहीत. समोरच्या घराच्या दारात चपला काढून उभी राहतात आणि बच्चन साहेबांचा तिसरा पर्याय वाचून होण्याआधी उत्तर ओरडून मोकळी होतात. बरोबर आले की खाली बसलेली आजीसुद्धा टाळी देते.

या मुलांत एक मुलगी आहे. एफवायला शिकते. आई हिरानंदानीतल्या तीन घरांत पोळ्या करायला जाते. वर्तमानपत्र रोज पहिल्या पानापासून वाचणारी आमच्या अभ्यासिकेतली ती एकटीच. गेल्या वर्षी उपनगरातल्या एका महाविद्यालयाच्या प्रश्नमंजूषेत तिचा दुसरा क्रमांक आला. बक्षीस देताना सूत्रसंचालकाने माइकवर तिला विचारले, कुठे राहतेस? तिने वस्तीचे नाव सांगितले. त्यावर तो सभागृहाकडे वळून म्हणाला, बघा, झोपडपट्टीतून येऊनसुद्धा! खूप टाळ्या पडल्या. ती करंडक घेऊन आली, विहाराच्या कपाटावर ठेवला आणि दोन दिवस काही बोललीच नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "ताई, पहिला आलेल्या मुलाला त्यांनी नाही विचारलं, तू कुठल्या बिल्डिंगमधून आलास."

तिच्या या एका वाक्यामुळे आम्ही हा कार्यक्रम पुन्हा नीट बघायला लागलो. समाजशास्त्र शिकताना 'सांस्कृतिक भांडवल' हा शब्द आम्ही परीक्षेपुरता पाठ केला होता. घरात पुस्तके असणे, इंग्रजी कानावर पडणे, काका-मामा अधिकारी असणे, म्हणजे पैशाशिवायची जी श्रीमंती पिढ्यानपिढ्या हातातून हातात जाते ती. प्रश्नमंजूषेत या भांडवलाची किंमत चार पर्यायांत मोजली जाते. म्हणून तिथे कोण बसतो, कोण विचारतो आणि काय विचारले जाते, याकडे आपल्या तरुणांनी करमणूक म्हणून पाहून सोडून देऊ नये असे आम्हाला वाटते.

आपल्याकडे दूरदर्शनवर १९८५ साली 'क्विझ टाइम' सुरू झाले. सिद्धार्थ बसू इंग्रजीतून प्रश्न विचारायचे आणि महाविद्यालयांचे संघ उत्तरे द्यायचे. आमच्या आईवडिलांच्या पिढीतल्या बहुतेकांना त्यातले अक्षरही कळत नसे, तरी ते बघायचे. पुढे २००० साली बसूंनीच केबीसी घडवला. १९९८ साली ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या कार्यक्रमाची ती भारतीय आवृत्ती. प्रश्न हिंदीत आले आणि त्याबरोबर प्रेक्षकही बदलला. मात्र आत शिरायचे दार टेलिफोनचे होते. २००० साली आमच्यासारख्या वस्तीत फोन म्हणजे नाक्यावरचा पिवळा पीसीओ. तिथे तासन् तास एंगेज लागणारा नंबर फिरवत उभे राहायचे पैसे कोणाकडे होते?

पहिला करोडपती त्याच वर्षी झाला आणि तो मराठी होता. मुंबईचा हर्षवर्धन नवाथे. तेव्हा तो केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी करत होता, वडील पोलीस अधिकारी. त्याच्या हुशारीबद्दल आम्हाला शंका नाही. पुढे तो परदेशात जाऊन एमबीए झाला, कंपन्यांत चांगल्या जागांवर काम केले. एक कोटीने त्याच्या आयुष्याला वेग दिला, पण रस्ता आधीच तयार होता. २०११ साली बिहारमधल्या मोतिहारीच्या सुशील कुमारने ५ कोटी जिंकले. तो महिना सहा-साडेसहा हजारांवर संगणक चालक होता. त्याच्याकडे असा तयार रस्ता नव्हता. २०२० साली त्याने स्वतःच फेसबुकवर लिहिले की २०१५-१६ हा आपल्या आयुष्यातला सर्वांत वाईट काळ होता. पैसा देणग्यांत, फसवणुकीत, नको त्या व्यवहारांत गेला. पुढे तो बिहारच्या शिक्षक भरतीची परीक्षा उत्तीर्ण झाला. पाच कोटी जिंकलेला माणूस शेवटी सरकारी नोकरीत स्थिरावतो, हे आपल्या वस्तीतल्या कोणत्याही बापाला विचारा, त्याला मुळीच नवल वाटणार नाही.

आणि मग २०१९. अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या. साडेचारशे मुलांची खिचडी, महिन्याला दीड हजार रुपये. त्यांनी १ कोटी जिंकले. तो भाग आम्ही अभ्यासिकेत मुलांना पुन्हा दाखवला. पैसे मिळाले तर काय घेणार असे विचारल्यावर त्या म्हणाल्या होत्या, मोबाइल. घरात एकच फोन होता आणि तो सगळ्यांत मिळून वापरायचे. हे ऐकून सगळा देश हळवा झाला. आमच्या मुलीही रडल्या. आम्हीही.

रडून झाल्यावर आम्ही फळ्यावर एक गणित मांडले. महिना १५०० रुपये या हिशेबाने १ कोटी कमवायला किती वर्षे लागतील? उत्तर आले साडेपाचशेहून अधिक. म्हणजे बबिताताईंनी पंधराव्या शतकात खिचडी शिजवायला सुरुवात केली असती, तर आज कुठे त्यांचे कोटभर झाले असते. वर्गात हशा पिकला. मग एका मुलाने विचारले, "पण दीडच हजार का?" हा प्रश्न त्या रात्री हॉट सीटच्या आसपास कोणीही विचारला नव्हता. शालेय पोषण आहार शिजवणाऱ्यांना केंद्र सरकार कामगार म्हणत नाही, मानसेवी म्हणते. त्यांना पगार मिळत नाही, मानधन मिळते. केंद्राने २००९ साली ते महिना १००० रुपये ठरवले आणि त्याचा काही भाग केंद्र, काही भाग राज्य अशी विभागणी केली. त्याहून जास्त द्यायचे तर राज्याने आपल्या खिशातून द्यायचे. १००० चा केंद्राचा आकडा मात्र तिथेच राहिला. या कामात बहुसंख्य बाया आहेत, त्यांत विधवा, परित्यक्ता, भूमिहीन घरांतल्या मोठ्या संख्येने. आणि शाळेच्या चुलीपाशी दलित बाई स्वयंपाकीण म्हणून उभी राहिली की गावातली मुले डबा घरून आणू लागतात, अशा बातम्या देशाच्या वेगवेगळ्या भागांतून आजही येतात.

टीव्हीला यातले काही नको असते. त्याला दीड हजार हा आकडा लागतो तो पुढच्या एक कोटीला उठाव यावा म्हणून. गरिबी जितकी खोल, तितकी उडी उंच दिसते. म्हणून आधी घर दाखवायचे, पत्रा दाखवायचा, आईचे हात दाखवायचे, मग संगीत वाढवायचे. स्पर्धकाला काय येते हे कळायच्या आधी त्याच्याकडे काय नाही हे आपल्याला पाठ झालेले असते. आमच्या त्या मुलीला ज्या टाळ्या खटकल्या त्या याच. टाळी वाजवणारा माणूस वाईट नसतो. पण वस्तीतल्या मुलीला उत्तर येणे ही त्याच्या लेखी चमत्काराची गोष्ट असते, आणि एखाद्या गोष्टीला चमत्कार म्हटले की तिची सवय लावून घ्यायची गरज उरत नाही.

मुंबईवरच्या 'स्लमडॉग मिलेनियर' या २००८ च्या सिनेमाला ८ ऑस्कर मिळाले. त्यात वस्तीतला पोरगा एकामागून एक उत्तरे देतो तेव्हा कार्यक्रमाचा सूत्रसंचालकच त्याला पोलिसांच्या हवाली करतो. याला येतेच कसे? सिनेमावर आपल्याकडे बरेच वाद झाले, गरिबी विकली वगैरे, आणि त्यात तथ्यही आहे. तरी हा एक संशय त्यांनी बरोबर पकडला होता.

हा प्रकार फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत १९५६ साली 'ट्वेंटी-वन' नावाची प्रश्नमंजूषा गाजत होती. हर्बर्ट स्टेम्पेल हा न्यूयॉर्कमधल्या क्वीन्सचा ज्यू तरुण, माजी सैनिक, आठवड्यामागून आठवडे जिंकत होता. निर्मात्यांनी त्यालाही उत्तरे पुरवलेली होती, अगदी त्याचे केस कसे कापायचे आणि अंगात कोट कोणता घालायचा इथपर्यंत सगळे ठरवून. पण त्याचा चेहरा प्रेक्षकांना कंटाळवाणा वाटू लागला. मग त्यांनी चार्ल्स व्हॅन डोरेनला आणले. कोलंबिया विद्यापीठात शिकवणारा देखणा तरुण, वडील मोठे कवी. स्टेम्पेलला हरायला सांगितले गेले. १९५५ सालचा ऑस्करविजेता चित्रपट कोणता, हा प्रश्न होता. उत्तर होते 'मार्टी', आणि स्टेम्पेलने तो तीनदा पाहिलेला होता. तरी त्याने ठरल्याप्रमाणे चुकीचे नाव सांगितले. व्हॅन डोरेन 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकला. १९५९ साली त्याने अमेरिकी संसदेच्या समितीपुढे सगळे कबूल केले, तोवर स्टेम्पेलच्या तक्रारीकडे जळफळाट म्हणूनच पाहिले जात होते. ज्ञानी माणूस कसा दिसावा, हे ठरवणारे लोक वेगळेच असतात. केबीसीत असे काही घडते असे आम्हाला अजिबात म्हणायचे नाही. पण 'हुशार चेहरा' ही कल्पना आपल्याही डोक्यात किती घट्ट बसली आहे, ते तपासून पाहायला हरकत नाही.

आता समोरच्या खुर्चीबद्दल. २००७ चे एक पर्व शाहरुख खानचे. ते सोडले तर ही २५ वर्षे अमिताभ बच्चन यांचीच. त्यांची भाषा, अदब, स्पर्धकासाठी स्वतः खुर्ची ओढणे, रडणाऱ्या बाईला रुमाल देणे, या सगळ्याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. देशातल्या कित्येक माणसांना 'आप' म्हणून कोणी बोलावल्याचा तो पहिला प्रसंग असेल. पण आमच्या डोळ्यांना एक गोष्ट सलते. स्पर्धक हॉट सीटवर येतो आणि वाकून पाया पडतो. ज्येष्ठांचा आदर म्हणून एखाद्याने केले तर समजू शकते. पण दर आठवड्याला, कॅमेऱ्यासमोर, शिक्षक, डॉक्टर, शेतकरी, सगळेच वाकताना दिसतात तेव्हा पाहणाऱ्या लहान मुलाला काय कळते? खुर्ची ज्याची, पाय त्याचे. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत राजकारणातल्या विभूतिपूजेबद्दल जो इशारा दिला होता, तो टीव्हीच्या स्टुडिओला लागू नाही असे थोडेच आहे. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये एक शाळकरी मुलगा बच्चन यांच्याशी जरा आगाऊपणे बोलला, मला नियम सांगत बसू नका म्हणाला, तर समाजमाध्यमांवर मोठमोठी माणसे त्या लेकरावर आणि त्याच्या आईबापांवर तुटून पडली. त्याचे वागणे आम्हालाही आवडले नाही. पण दहा वर्षांच्या पोराकडून एवढा विनय वसूल करणाऱ्या समाजाने आधी आरशात पाहावे.

मराठीत हा कार्यक्रम २०१३ साली 'कोण होईल मराठी करोडपती' या नावाने आला. सूत्रसंचालक सचिन खेडेकर. पुढे एका पर्वात स्वप्नील जोशी आले. आणि २०१९ साली सोनी मराठीवर 'कोण होणार करोडपती' सुरू झाले तेव्हा त्या खुर्चीत नागराज मंजुळे बसले होते.

त्या रात्रीचा वस्तीतला आवाज आम्हाला आठवतो. करमाळा तालुक्यातल्या जेऊरचा, वडार समाजात जन्मलेला माणूस प्रश्न विचारतो आहे आणि समोर महाराष्ट्र बसला आहे. 'फँड्री'त मेलेले डुक्कर काठीला बांधून नेले जाते आणि मागे शाळेच्या भिंतीवर बाबासाहेब, फुले, सावित्रीबाई यांची चित्रे दिसतात, ती चौकट ज्याने रचली तो हा माणूस. त्याच सिनेमाच्या शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट आपल्या अंगावर येतो. ज्याने तो दगड मारायला लावला तोच आता सूट घालून विचारत होता, लॉक करूया का? आमच्या एका सहकाऱ्याला हे पचले नाही. त्याचे म्हणणे असे की व्यवस्थेने नागराजला खुर्ची दिली आणि दगड काढून घेतला. दुसरीचे म्हणणे, उच्चाराला, रंगाला, गावाला हसणाऱ्या टीव्हीवर असा माणूस रोज दिसणे हाच दगड आहे. आमच्यात यावर अजून एकमत नाही. पण एक गोष्ट आम्ही डोळ्यांनी पाहिली. अभ्यासिकेतली मुले तोवर खेळताना सगळी स्पर्धक व्हायची. कोणालाही बच्चन व्हायचे नसायचे, कारण तसा आवाज कोणाकडेच नव्हता. २०१९ च्या त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा मुलांमध्ये भांडण लागले ते सूत्रसंचालक कोण होणार यावरून.

पुढे मार्च २०२२ मध्ये नागराजचा 'झुंड' आला. नागपुरात वस्तीतल्या मुलांना फुटबॉल शिकवणाऱ्या विजय बारसे यांच्यावरून घेतलेली गोष्ट, मुख्य भूमिकेत अमिताभ बच्चन. हिंदी आणि मराठी करोडपतीचे दोन सूत्रसंचालक एका सिनेमात, एक कॅमेऱ्यापुढे आणि एक मागे. त्यात आंबेडकर जयंतीचा प्रसंग आहे, डीजे आहे, निळे झेंडे आहेत, आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर बच्चन उभे आहेत. पन्नासहून अधिक वर्षांच्या त्यांच्या कारकिर्दीत अशी चौकट त्याआधी आल्याचे आम्हाला तरी आठवत नाही. ती यायला कॅमेऱ्यामागचा माणूस बदलावा लागला.

प्रश्नमंजूषेतही कॅमेऱ्यामागची माणसे असतात. प्रश्न तयार करणारी. त्यांची नावे आपल्याला ठाऊक नसतात. त्यांनी काय घडवले ते ३० ऑक्टोबर २०२० च्या भागात दिसले. शुक्रवारचा 'कर्मवीर' विशेष भाग होता. हॉट सीटवर सफाई कर्मचारी आंदोलनाचे बेझवाडा विल्सन आणि त्यांच्यासोबत अभिनेते अनुप सोनी. ६ लाख ४० हजारांचा प्रश्न आला : २५ डिसेंबर १९२७ रोजी डॉ. बी. आर. आंबेडकर आणि त्यांच्या अनुयायांनी कोणत्या धर्मग्रंथाच्या प्रती जाळल्या? पर्याय विष्णुपुराण, भगवद्गीता, ऋग्वेद आणि मनुस्मृती. उत्तर आपल्या बालवाडीतल्या पोरालाही ठाऊक आहे. उत्तरानंतर बच्चन यांनी खुलासा केला की जातिभेद आणि अस्पृश्यतेला वैचारिक आधार देणाऱ्या या ग्रंथाचा बाबासाहेबांनी निषेध केला होता.

एवढेच. सरळ इतिहास. पण दोन-तीन दिवसांत लातूर जिल्ह्यातल्या औशाचे भाजप आमदार अभिमन्यू पवार यांनी लातूरच्या पोलीस अधीक्षकांकडे तक्रार दिली आणि लखनौत गुन्हा नोंदवला गेल्याच्या बातम्या आल्या. हिंदूंच्या भावना दुखावल्या, हिंदू आणि बौद्धांत तेढ निर्माण करण्याचा प्रयत्न आहे, असा आरोप. पवार यांचा एक मुद्दा असा होता की चारही पर्याय एकाच धर्माचे का? यावर आम्ही अभ्यासिकेत मुलांशी चर्चा केली. प्रश्नमंजूषा बनवणारा कोणीही सांगेल की पर्याय जवळजवळचे असावे लागतात. नाहीतर प्रश्नाला अर्थ उरत नाही. मग वेगळ्या धर्मांचे ग्रंथ टाकले असते तर? बाबासाहेबांनी कधीच न केलेल्या कृत्याची सूचना घराघरांत गेली असती आणि तेव्हा खरी तेढ लागली असती. तक्रारीचा हा भाग बाजूला ठेवला तर उरते ते एवढेच की मनुस्मृती दहनाचा उल्लेखच काहींना सहन होत नाही. महाडला तो ठराव मांडणारे बापूसाहेब सहस्रबुद्धे ब्राह्मण होते आणि परिषदेसाठी जागा देणारे फत्तेखान मुसलमान. हे दोन प्रश्न मात्र कोणी विचारले नाहीत. विचारले असते तर तेढीच्या आरोपाचे काय झाले असते कोण जाणे.

तुलनेसाठी आदल्याच वर्षीचे प्रकरण पाहा. नोव्हेंबर २०१९ मध्ये औरंगजेबाच्या समकालीन राज्यकर्त्याबद्दलच्या प्रश्नात छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव पर्यायांत एकेरी आले. लोक संतापले, आणि ते योग्यच होते. वाहिनीने आणि बच्चन यांनी माफी मागितली. तिथे चूक होती, ती दुरुस्त झाली. २०२० च्या प्रश्नात चूक कोणती होती? नाव पूर्ण होते, तारीख बरोबर होती, उत्तर बरोबर होते.

आता आपल्याच बाजूचे थोडे. त्या आठवड्यात आपल्या सगळ्या ग्रुपांवर ती क्लिप फिरली. स्टेटसला मनुस्मृती, स्टेटसला बच्चन. अभिमान वाटणे आम्ही समजू शकतो, आम्हीही ती पुढे पाठवली. पण त्याच भागात, त्याच खुर्चीत, बेझवाडा विल्सन बसले होते. २०१६ चे मॅगसेसे विजेते. हाताने मैला उचलण्याची प्रथा बंद करणारा पहिला कायदा १९९३ चा, दुसरा २०१३ चा, आणि तरी माणसे गटारात उतरून मरतात, हे सांगत त्यांनी आयुष्य घालवले आहे. त्यांचे बोलणे किती जणांनी पुढे पाठवले? आमच्या ग्रुपमध्ये एकानेही नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली गटारातल्या मृत्यूची भरपाई १० लाख ठरवली होती. २०२० च्या केबीसीच्या शिडीवर ही रक्कम ६ लाख ४० हजार आणि १२ लाख ५० हजार यांच्या मध्ये कुठेतरी येत होती. २०२३ साली न्यायालयाने ती ३० लाख केली. त्यासाठी कोणाला कोणता प्रश्न विचारला जात नाही, फक्त घरातला माणूस जावा लागतो.

आमच्या वस्तीपासून आयआयटीचे प्रवेशद्वार चालत जाण्याच्या अंतरावर आहे. वस्तीतले कित्येक जण तिथल्या वसतिगृहांत सफाईला, खानावळीत भांड्यांना जातात. आत जाताना गेटवर विचारतात, कोणाकडे काम आहे? आतल्या मुलांना वेगळा प्रश्न विचारला जातो : तुझी रँक किती? ऐकायला साधा. पण ज्याला विचारला जातो त्याला माहीत असते की रँकवरून प्रवर्ग काढायचा आहे, प्रवर्गावरून जात, आणि जातीवरून पुढची चार वर्षे कसे वागायचे ते. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथल्या एका दलित विद्यार्थ्याच्या मृत्यूनंतर या प्रश्नाची बरीच चर्चा झाली. त्याच वर्षी संस्थेने भेदभावविरोधी सूचना काढल्या, त्यात दुसऱ्या विद्यार्थ्याला जेईईची रँक किंवा गेटचे गुण विचारणे अयोग्य आहे असे स्पष्ट लिहिले. देशातल्या सर्वांत अवघड प्रश्नपत्रिका सोडवून आलेल्या मुलांना, एक प्रश्न विचारू नका, हे लेखी सांगावे लागले. महाविद्यालयाच्या मंचावर आमच्या मुलीला विचारलेला 'कुठे राहतेस' हा त्याच जातीचा प्रश्न होता.

तिने केबीसीसाठी नोंदणी करावी की नाही, असे तिच्या आईने आम्हाला विचारले. आम्ही म्हटले, जरूर करावी. यात आमच्या मनात दुमत नाही. जिंकली तर ३० टक्के कर आणि वरचा अधिभार कापून जे हातात येईल, त्यात तिचे पुढचे शिक्षण होईल, पत्र्याच्या जागी स्लॅब पडेल. जून २०२४ मध्ये ऐन पावसाच्या तोंडावर पवईतल्या जयभीम नगरमधली शेकडो घरे तुटली तेव्हा फुटपाथवर प्लास्टिकखाली बसून अभ्यास करणारी मुले आम्ही पाहिली आहेत. पैशाला नाके मुरडायची चैन आपल्याला परवडत नाही. फक्त तिला आम्ही एक सांगितले, घर दाखवायला मागितले तर दाखव, पण त्याबरोबर ही अभ्यासिका आणि कपाटातली पुस्तकेही दाखव. ती म्हणाली, "आणि विचारलंच, एवढं कसं येतं, तर?" यावर आम्ही काही बोलायच्या आत तिची आईच म्हणाली, "सांग, वाचते म्हणून येतं."

रविवारी अभ्यासिकेत आम्ही आता आमचीच प्रश्नमंजूषा घेतो. बक्षीस म्हणून वही. नियम एकच, दर आठवड्याला नवा सूत्रसंचालक, आणि प्रश्न त्यानेच शोधून आणायचे, उत्तरासकट आणि उत्तर कुठे सापडले त्यासकट. गुगलवरून उचललेले पंधरा प्रश्न आणले की ओरडा बसतो. सुरुवातीला सगळे राजधान्या आणि चलने विचारायचे. हळूहळू बदलले. आपल्या वॉर्डात सफाई कामगार किती आणि त्यांतले कंत्राटी किती? पवई तलाव कोणत्या साली बांधला आणि त्याचे पाणी पिणे का बंद झाले? चवदार तळ्यावर पहिली ओंजळ घेतली तो दिवस कोणता?

मागच्या रविवारी खुर्चीत ती होती. तिचा शेवटचा प्रश्न : समोरच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशींना आज महिन्याला किती मानधन मिळते, आणि ते शेवटचे कधी मिळाले? चार पर्याय तिने दिलेच नाहीत. म्हणाली, मलाच अजून उत्तर मिळालेले नाही. मोठ्या साहेबांना विचारा म्हणून तीन ठिकाणी पाठवले. एक मुलगा म्हणाला, मग हा प्रश्न बाद. त्यावर बराच गोंधळ झाला. शेवटी ठरले की प्रश्न बाद नाही, पुढच्या रविवारपर्यंत लांबवायचा, आणि माहिती अधिकाराचा अर्ज कसा लिहायचा ते बुधवारी शिकायचे. दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट कोण आणणार यावर अजून वाद चालू आहे.